चाळिशीनंतर पेटी: '४० दिवसांत आरत्या' हे गाजर कुणासाठी?

काळी दोन (फोंडा)

परवापासून एक पोस्ट फिरते आहे. मजकूर थोडक्यात असा: 'पंचेचाळिशीनंतर पेटी विकत घेऊन मास्तरांकडे जाणं म्हणजे पैशांचा चुराडा. कीबोर्ड घ्या, मोबाइलवर ऍप टाका, ट्रान्सपोज (बोटं तिथेच ठेवून सूर वर-खाली सरकवणारं बटण) दाबा, फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. ४० दिवसांत चवथीच्या आरत्या तयार.' खाली अंगठ्यांची माळ. म्हणून जरा सविस्तर.

चवथीला आरती सुरू करणारा काका पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, विचारून सुरू करत नाही. त्याला जिथे सापडला तिथे सा. पेटीवाल्याने दोन सेकंदांत तो सा शोधायचा असतो आणि मग त्या पट्टीत बोटं चालवायची असतात. घरच्या आरतीला लागणारी खरी विद्या एवढीच, आणि नेमकी तीच ट्रान्सपोजने मारली जाते.

काळी एक घ्या, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा. सा वर तर्जनी, रे म्हणजे काळी दोन, तिच्यावर मध्यमा. ग येतो पांढरी चारवर, तिथे अंगठा खालून सरकवायचा. मग म, प, ध या तीन काळ्यांवर तर्जनी, मध्यमा, अनामिका. नी ला अंगठा परत वरच्या पांढरी एकवर. आठवडाभर एवढंच केलं तरी हात स्वतःहून वाट धरतो. मग काळी दोन, मग काळी चार. पांढरी एकवरच संसार मांडलेल्याला काळ्या पट्ट्या म्हणजे रस्त्यावरचे गतिरोधक.

आणि भाता. नवखा माणूस सायकलला हवा भरल्यासारखा हापसतो. बाहेरचा भाता फक्त आतल्या भात्यात हवा ढकलतो. आतला भाता स्प्रिंगवर असतो, सुराला दाब तो देतो. त्यामुळे दोन-तीन इंच उघडणं पुरतं, जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. हवा संपायच्या आधी भरायची, तीही ओळीच्या शेवटी. खांद्याने हापसणाऱ्याचा डावा खांदा पन्नाशीत तिसऱ्या आरतीला बोलायला लागतो.

रियाज सकाळी २० मिनिटं, संध्याकाळी २० मिनिटं. रविवारी एकदम दोन तास करून उपयोग नाही. या वयात अनामिका आणि करंगळी एकमेकींना सोडत नाहीत, त्यांना रोज थोडं थोडं वेगळं करावं लागतं.

सोपंच आहे (म्हापसा)

पोस्ट माझीच. आधी एक सांगा बाब, आजकाल पेटी घेणारे निम्मे लोक स्केल चेंजर मागतात. दांडा ओढला, पट्ट्यांची अख्खी फळी सरकली, बोटं तिथेच. ते लाकडी ट्रान्सपोज बटणच ना? लाकडाचं असलं की साधना आणि प्लॅस्टिकचं असलं की फसवणूक?

दुसरं, पंचेचाळिशीचा माणूस घरी येतो आठ वाजता. मुलांचा अभ्यास, आईचा टीव्ही, शेजारी भिंतीला भिंत. कीबोर्डला हेडफोन लागतो, पेटीला लागतो का? जो माणूस रोज वाजवतो तो शिकतो. पेटी कपाटावर ठेवून तिच्यावर क्रोशाचा रुमाल घालणारे गोव्यात कमी नाहीत.

भाता (साखळी)

स्केल चेंजरचा मुद्दा बरोबर आहे, कबूल करायला जड जातंय. पण गोव्यात स्केल चेंजर घेऊच नये, आणि कारण तात्त्विक नाही. सरकणारी फळी म्हणजे जास्त सांधे, पावसात लाकूड फुगलं की ती अडकते, मग लोक धक्का मारतात, पट्ट्या तिरक्या होतात आणि सूर एकदम दोन-दोन बोलतात. साधी, साडेतीन सप्तकांची, खर्ज-नर (एक जाड, एक मधला) दोन सुरांची पेटी घ्या. विषय संपला.

जुनी घेताना: सगळे स्टॉप (समोरच्या ओढायच्या खुंट्या) बंद करा, भाता पूर्ण भरा, हात सोडा. लगेच फुस्स करून बसला तर कुठेतरी गळती आहे. मग एकेक स्टॉप उघडून एकही पट्टी न दाबता भाता मारा. आपोआप एखादा सूर रडायला लागला तर त्या पट्टीखालची गादी झिजली आहे किंवा स्प्रिंग सैल आहे. शेवटी प्रत्येक पट्टी अगदी हलक्या हवेवर दाबा. चांगला सूर कुजबुजीवर बोलतो, मेलेला सूर जोर मागतो.

एखादा सूर अचानक मुका झाला तर घाबरू नका. बहुतेक वेळा पितळी जिभेच्या आणि चौकटीच्या फटीत धुळीचा कण असतो. पातळ कागदाची पट्टी जिभेखाली सरकवून हलकेच ओढा. सुरीने खरवडू नका. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुंध्याशी घासलं की उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही.

पंचम (मडगाव)

तुमचं पेटी की कीबोर्ड हे भांडण म्हणजे दोन आंधळ्यांनी चष्म्याच्या काड्यांवरून भांडणं. दोन्ही बेसूर आहेत.

सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. शुद्ध गांधार असतो सा पासून ३८६ सेंटवर. पेटीचा ४००वर. १४ सेंट चढा. कोमल गांधार ३१६ हवा, पेटी देते ३००. काळी एकचा तानपुरा लावा आणि पेटीचा गांधार दाबून धरा: तानपुऱ्यातून स्वयंभू (न छेडता आपोआप उमटणारा) गांधार येतो आणि पेटीचा त्याच्याशी सेकंदाला पाच-साडेपाच वेळा थरथरतो. कान असतील तर ऐकू येईल. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर उगाच बंदी घातली नव्हती. ज्या भूमीने केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांसारख्या गायिका दिल्या तिथे पन्नाशीला गळा सोडून पट्ट्या शिकायच्या? तानपुरा ऍप लावा, सा लावा, वीस मिनिटं फक्त सा. खर्च शून्य.

सोपंच आहे (म्हापसा)

आणि १९७१ साली त्याच आकाशवाणीने दार उघडलं, तेही सांगा ना. वीस माणसं, तीन झांजा, दारात फटाके, आत कापराचा धूर. तुमचे १४ सेंट तिथे कोण मोजणार, गणपती?

पंचम (मडगाव)

बंदी पूर्ण उठली नव्हती, अर्धंच दार उघडलं. बाकी गणपतीच्या कानांचा आकार बघता मोजत असेलही.

काळी दोन (फोंडा)

पंचमबाब, गांधाराचं गणित बरोबर आहे. पण वीस मिनिटं नुसता सा लावायला सांगितलेला पंचेचाळिशीचा माणूस चौथ्या दिवशी बातम्या लावतो. पेटीने त्याला बोटांना काम दिलं, म्हणून तो टिकतो. गळा नंतर पेटीवरून उतरवून तानपुऱ्यावर न्या. शिडी आहे ती, घर नव्हे.

शामेळ (डिचोली)

एवढी चर्चा आरतीवर, आणि घुमटाचं, मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेल्या आपल्या वाद्याचं, नाव कुणी घेतलं नाही. गोव्याच्या आरतीला पेटी नसली तरी चालते, घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळं (झांज) लागतं. २०१९ साली सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला, आणि तुम्ही गांधार मोजताय.

चाळिशीनंतर शिकायचं तर घुमट शिका. स्वरलिपी नाही, चष्मा नाही, काळी-पांढरी नाही. उजव्या हाताची बोटं चामड्यावर, डाव्या हाताचा तळवा मागच्या लहान तोंडावर. तळवा मिटला की आवाज दाबला जातो, उघडला की घुमतो. पहिला महिना डावा हातच शिकायचा, उजवा कुणालाही येतो. नवखे उलट करतात आणि मग घुमट डब्यासारखा वाजतो.

मडकं घेताना रिकामंच टिचकी मारून ऐका. 'टण' आला तर घ्या. 'भद्द' आला तर केसाएवढी चीर आहे, चामडं ताणलं की काठ सुटतो.

रानवाट (वाळपई)

घुमटाचं कौतुक वाचलं. आता चामड्याचंही बोला. घुमटावर पूर्वापार चढतं ते घोरपडीचं कातडं, आणि घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या शेड्यूलमध्ये आहे. मारणं सोडाच, कातडं बाळगणंही गुन्हा. तरीही चवथ आली की 'जुनं आहे, आजोबांचं आहे' म्हणत ताजं कातडं चढतं. वारसा वाद्याचा मान प्राण्याच्या जिवावर नको.

शामेळ (डिचोली)

झालं सुरू. घुमट म्हटलं की घोरपड, जणू प्रत्येक वाजवणारा रात्री जाळं घेऊन रानात फिरतो. रानं कापून खाणी काढल्या, त्यात किती घोरपडी गेल्या ते कुणी मोजलं नाही, हिशेब मात्र आमच्या मडक्याचा! आज डोकं ठिकाणावर असलेला माणूस बकऱ्याचं चामडंच लावतो.

रानवाट (वाळपई)

खाणींचा हिशेबही मांडू, वेगळा धागा काढा. इथे प्रश्न साधा आहे: बकऱ्याचं चामडं लावल्यावर 'आवाज येत नाही' म्हणून रडणारे कोण? तेच मग मागच्या दाराने चौकशी करतात.

शामेळ (डिचोली)

आवाज येत नाही कारण लावता येत नाही. लिहून घ्या, हवं तर छापून वाटा.

मोठ्या बकऱ्याचं नको, करडाचं घ्या. चुन्याच्या निवळीत तीन-चार दिवस ठेवलं की केस हाताने सुटतात. नंतर चुना पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत धुवा. लोक इथेच आळस करतात आणि राहिलेल्या चुन्याने चामडं काठाशी तडकतं. मग आतल्या बाजूचा मांसल पापुद्रा बोथट सुरीने खरवडा. घोरपडीचं कातडं मुळातच पातळ आणि लवचीक, बकऱ्याचं खरवडूनच तिथवर आणावं लागतं. आवाज या खरवडण्यात आहे.

ओलं असतानाच तोंडावर घाला, काठाखाली सुंभाचे घट्ट वेढे द्या आणि समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढा, एका बाजूने गोल गोल नव्हे. दोन-तीन दिवस सावलीत. उन्हात ठेवलं तर एक बाजू आधी सुकते, ओढ तिरकी बसते, कधी मडक्याचा ओठच उडतो.

रानवाट (वाळपई)

हे उपयोगाचं आहे. आधीच लिहिलं असतं तर मी इतका चिडलो नसतो. सिंथेटिक पडद्याबद्दल मत?

शामेळ (डिचोली)

बादली वाजवायची असेल तर उत्तम.

भाता (साखळी)

भाद्रपदात बकऱ्याचं चामडं सैल पडतं, त्याचं काय? तक्रार खरी तीच आहे. दीड दिवसाच्या गणपतीत पहिल्या आरतीला टणक, संध्याकाळच्या आरतीला पापड.

शामेळ (डिचोली)

पडतं, नाकारत नाही. घोरपडीचं कमी पडायचं, हेही नाकारत नाही, रानवाटबाब खूश होतील. उपाय असा: दोन घुमटं ठेवायची, एक वाजतं तेव्हा दुसरं ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बपासून हातभर लांब. एलईडीने काही होत नाही, तो तापतच नाही. चुलीच्या ज्वाळेवर धरू नका, सुंभाजवळची कड आधी भाजते आणि तिथूनच फाटतं. केस सुकवायचं यंत्र चालेल, मंद आचेवर, फिरवत.

सोपंच आहे (म्हापसा)

पेटी पावसात अडकते, घुमट पावसात पापड होतं. कीबोर्डला पाऊस लागत नाही एवढंच नम्रपणे सुचवतो. आणि वीज गेली तर सेल घालता येतात.

भाता (साखळी)

लागतो. पट्ट्यांखालच्या रबराच्या संपर्क बिंदूंवर ओलावा आणि धूळ बसली की एखादी पट्टी एकदम पूर्ण जोरात वाजते किंवा वाजतच नाही. सेल आत विसरलात तर हिरवा गाळ. पेटी असो की कीबोर्ड, जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद पेटाऱ्यात सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की जेल गरम करून सुकवा, आणि रोज दहा मिनिटं वाजवा. वाजवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. उन्हात मात्र पेटी ठेवू नका, सरस सुटतो.

अजून एक. कीबोर्डचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर पाठवू नका. पट्टी दाबल्यावर आवाज क्षणभर उशिरा येतो, हात गोंधळतो, आणि माणसाला वाटतं वय झालं.

पंचम (मडगाव)

मग ऍपचा तबलाही ब्लूटूथवर लावायचा नाही तर.

भाता (साखळी)

तो चालतो. तबला उशिरा आला तरी तुम्ही ऐकलेल्या तबल्यावरच वाजवता. अडचण स्वतःच्या बोटाचा आवाज उशिरा येण्याची आहे. सेंट मोजणाऱ्याला हे सुचायला हवं होतं.

सोपंच आहे (म्हापसा)

ठीक आहे, मी एक पाऊल मागे. ट्रान्सपोजबद्दल 'फक्त पांढऱ्या' लिहिलं ते चुकलं. कीबोर्डवरही काळी एक, काळी दोन शिकता येते, बोटं तीच. पण '४० दिवस' मागे घेणार नाही.

काळी दोन (फोंडा)

घेऊ नका. ४० दिवसांत एक आरती येते. एकच, एकाच पट्टीत, काकांनी ऐकलं तर. आणि बसायचं कुठे तेही पोस्टमध्ये घाला: गुडघे बोलतात त्यांनी पेटी जमिनीवर नको, चार-पाच इंचांच्या पाटावर किंवा सरळ टेबलावर. पट्ट्या कोपराच्या उंचीला याव्यात. स्वरलिपी मोबाइलवर नको, वाचायच्या चष्म्याने पट्ट्या धूसर दिसतात आणि तो काढला तर अक्षरं. वहीत बोटभर मोठ्या अक्षरात लिहा.

शामेळ (डिचोली)

काकांना पट्टी कुणी शिकवायची ते ठरवा आधी. आणि ज्यांना करडाचं चामडं लावायचंय त्यांनी आताच सांगा, चवथीच्या आदल्या आठवड्यात विचाराल तर माझ्याकडे फक्त बल्ब असेल.