न शोधणे आणि न जाणणे

खुळखुळा झाकल्यावर सहा महिन्यांचे बाळ तो शोधत नाही, म्हणजे त्याच्या लेखी तो उरतच नाही, असे पुष्कळदा म्हटले जाते. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचेही मत असेच होते. परंतु न शोधणे म्हणजे न जाणणे नव्हे. १९८५ मध्ये रने बायार्जाँ, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅन्ली वॉसरमन या संशोधकांनी पाच महिन्यांच्या बाळांना एक फिरता पडदा दाखवला. मागे ठोकळा असूनही पडदा जणू ठोकळ्यातून आरपार जाऊन पूर्ण आडवा झाला, तेव्हा बाळे अधिक वेळ पाहत राहिली; म्हणजे दिसेनासा झालेला ठोकळा तिथेच आहे हे ती जाणत होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या निष्कर्षावर पुढे वादही झाले, आणि ते व्हायलाच हवे होते.

गुहागरला आमच्या पडवीत मी करवंटीखाली खुळखुळा लपवला, तेव्हा नातवाची नजर करवंटीवर नव्हे, माझ्या चेहऱ्यावर होती. खूर आपटून गणिताची उत्तरे देतो म्हणून गाजलेला बर्लिनचा हान्स हा घोडा गणित करून नव्हे, तर प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपून खूर आपटायचे थांबवत असे, हे मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले होते. म्हणून आपण घरी हे करून पाहणार असाल, तर लपवणाऱ्याने तोंड फिरवून बसावे, ही कळकळीची विनंती.