जेद्दाचा अर्धवट टॉवर: आता तडीस नेण्यात अर्थ आहे का?

बोरूबहाद्दर
बुर्ज खलिफा ८२८ मीटर. त्याच्यावर कडी म्हणून सौदीने जेद्दाला, तांबड्या समुद्रालगत, एक किलोमीटरहून उंच इमारत काढायला घेतली. २०१३ च्या एप्रिलमध्ये काम सुरू झालं, साठेक मजले चढले आणि जानेवारी २०१८ मध्ये सगळं ठप्प. त्याच्या दोनच महिने आधी भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत बड्या मंडळींना उचलून रियाधच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात ठेवलं होतं. त्यात प्रकल्पामागचे राजपुत्र अल-वलीद बिन तलाल होते आणि कंत्राटदार कंपनीचे बकर बिनलादिनही. म्हणजे मालक आत, ठेकेदारही आत. मग करोना. सात वर्षं तो सांगाडा तसाच उभा.

जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा काम सुरू झालं. त्याच बिनलादिन ग्रुपला ७२० कोटी रियालचं कंत्राट, आपल्या रुपयांत सोळा हजार कोटींच्या घरात. मुदत २०२८. दर चार दिवसांनी एक मजला टाकू म्हणतात.

माझं मत: आहे तिथेच छप्पर घालून मोकळं व्हायला हवं होतं. दोनेकशे मीटरची चांगली इमारत झाली असती. मुळात वाळवंटात जागेची टंचाई ती कसली?

जंपफॉर्म
चौदा वर्षं आखातात साइटवर काढलीत, म्हणून लिहितो. या टॉवरखाली २७० पाइल, म्हणजे जमिनीत खोल घातलेले काँक्रीटचे खांब आहेत, काही शंभर मीटरच्याही खाली गेलेले. सगळा हिशेब किलोमीटरभर उंचीचा. तुमच्या साठ मजल्यांसाठी एवढा पाया म्हणजे देवळीला कळसाचा खर्च. शिवाय तीन पाख्यांचा आणि वर निमुळता होत जाणारा आकार आहे तो वाऱ्यासाठी. मध्येच कापला तर ती सगळी अक्कल फुकट.

“सात वर्षं पडून राहिला, सडला असेल” असंही लोक म्हणतात. काँक्रीट असं सडत नाही. काळजी असते ती वर उघड्या राहिलेल्या सळ्यांची, खाऱ्या हवेत त्या गंजतात. घासायच्या, तपासायच्या, गेलेल्या असतील तेवढ्या कापून नव्या जोडायच्या. किचकट काम आहे, पण होतं.

उधारखाते
जंपफॉर्म, पाया घातला म्हणून कळस चढवायचा हा युक्तिवाद ऐकला की मला आमच्या गावचा एक सद्गृहस्थ आठवतो. त्याने आधी विहिरीला पैसे घातले, पाणी लागेना म्हणून आणखी घातले, शेवटी विहिरीसाठी शेत विकलं. बुडत्याचा पाय खोलात. गेलेला पैसा गेला, प्रश्न पुढच्या सोळा हजार कोटींचा आहे.

आणि उंची म्हणजे तरी काय हो? बुर्ज खलिफाच्या वरच्या २४४ मीटरमध्ये माणूस राहत नाही, नुसती शेंडी आहे ती. एवढ्या शेंडीचीच वेगळी गगनचुंबी इमारत झाली असती.

खडूसकाका
दुबईचं उदाहरण काढलंच आहे तर पुरतं काढा. त्याचं नाव आधी बुर्ज दुबई होतं. मंदीत दुबई कर्जात बुडाली, अबू धाबीने हात दिला आणि ४ जानेवारी २०१० ला उद्घाटनाच्या दिवशी अबू धाबीच्या शेखांचं नाव लागलं. तेव्हाही “रिकामा राहणार” म्हणून बोटं मोडणारे होतेच. आज मराठी माणूस दुबईला गेला आणि तिथे फोटो न काढता परतला असं दाखवा एखादं. आजूबाजूच्या जमिनीचे भाव वाढवणं हेच अशा टॉवरचं काम. जेद्दातही भोवती अख्खं नवं शहर विकायचं आहे.

उधारखाते
काका, दुबईला हात द्यायला शेजारी होता. सौदीला कोण देणार? ‘द लाइन’ या वाळवंटातल्या सरळ रेषेतल्या नव्या शहराच्या योजनेला कात्री लागल्याच्या बातम्या २०२४ पासूनच येतायत. २०३० चं एक्स्पो आणि २०३४ चा फुटबॉल विश्वचषक आहेच डोक्यावर. पैसा कमी पडला तर आधी काय थांबेल? ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही तेच.

बोरूबहाद्दर
चार दिवसांना एक मजला या हिशेबाने, काम पुन्हा सुरू झालं तेव्हा उरलेले नव्वदेक मजले वर्षभरात संपायला हवेत! मग २०२८ कशाला?

जंपफॉर्म
स्लॅब पडली म्हणजे इमारत झाली का? काचा, पाइपलाइन, लिफ्ट हे सगळं मागून येतं. लिफ्टचंच घ्या. पोलादी दोर पाचशे मीटरच्या पुढे स्वतःच्याच वजनाने जड होतो, म्हणून इथे कार्बन फायबरचा दोर आहे, एका दमात ६६० मीटर नेणारा. आणि जसजसं वर जाल तसतसा वारा जास्त. क्रेन कितीदा थांबवावी लागते ते साइटवरच्याला विचारा. पैशाबद्दल मात्र उधारखाते यांच्याशी भांडत नाही. ते आमच्या हातात कधीच नव्हतं.

रत्नांग्रीकर
एवढ्या चर्चेत काम करणाऱ्याचं नाव नाही. २०१६ मध्ये तेल स्वस्त झालं, सौदीतली बांधकामं आटली आणि हजारो भारतीय कामगार पगाराविना कॅम्पात अडकले. सुषमा स्वराज यांनी तेव्हा व्ही. के. सिंह यांना जेद्दाला पाठवलं होतं. माझे भावोजी त्यातलेच. कंपनी दुसरी होती, पण सहा महिने पगार नाही, मेस बंद. वकिलातीने दिलेल्या तांदळावर दिवस काढले. घरी फोनवर बहिणीला सांगायचे, “जेवलो गं, बिर्याणी होती.” टॉवर थांबला की तुम्ही सांगाड्याचे फोटो बघता, आम्ही मनीऑर्डरची वाट बघतो.

खडूसकाका
म्हणजे काम पूर्ण व्हावं या बाजूचे तुम्ही?

रत्नांग्रीकर
बाजू कसली काका. भावोजींना आता पुन्हा जेद्दाचा व्हिसा आलाय, शटरिंगच्या कामाचा. काल त्यांना विचारलं, खरंच होईल का हो एवढा उंच? ते बॅगेला दोरी बांधत होते. म्हणाले, “तीन वर्षं चाललं तरी धाकटीचं कॉलेज निघतं.”