आयर्विन पुलावर हॉवर गाडी खाली का ओढली जाते? ओपनसिमवाले कुणी आहेत का इथं

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी. घरच्या पीसीवर ओपनसिम (स्वतःचं थ्रीडी आभासी जग चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलंय आणि गेले चार महिने रोज रात्री जेवण झालं की त्यात आपला सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल बांधत बसतोय, कमानी कमानी मोजून, कारण माझे आजोबा रोज त्या पुलावरून सायकलनं कामाला जायचे आणि मला तो त्यांना स्क्रीनवर दाखवायचाय. त्यावरून फिरायला एक हॉवर गाडी केलीय, चाकं नाहीत, जमिनीपासून १ मीटरवर तरंगते. टच केलं की मेनू येतो, रंग बदलतो, सीट बदलते, खालचा लाईट बदलतो. सध्या हळदीचा पिवळा ठेवलाय, सांगलीची गाडी म्हटल्यावर दुसरा कुठला ठेवणार. रस्त्यावर मस्त पळते. नदीवर पण तरंगते. पण पुलावर चढली की पोट घासत चालते, वर उठतच नाही. हॉवर हाइट (किती उंचीवर तरंगायचं ते) १ ची ३ करून बघितली, काही फरक नाही. काय चुकतंय?

मिरज_जंक्शन: भावा, तुझं काही चुकलेलं नाही, हॉवरला पूल दिसतच नाही. ते फक्त टेरेन (म्हणजे जमीन) आणि पाणी बघतं, तू बांधलेला प्रिम किंवा मेश (बांधकामाचे ठोकळे, मॉडेल) त्याच्या हिशेबातच नाही. आता बघ, पाणी डिफॉल्ट २० मीटरवर, तुझा पूल समजा २८ वर, गाडीला वाटतंय आपल्याला २१ वर असायला पाहिजे, म्हणून ती सारखी खाली ओढतेय आणि पूल तिला अडवतोय. हाइट ३ केलीस तरी २३ च झाली ना. मी सेकंड लाईफमध्ये (ओपनसिमसारखंच ऑनलाईन जग) कॅनॉलवरच्या पुलावर हेच भोगलंय.

विश्रामबाग४१६: हॉवर अप ओन्ली फ्लॅग (फक्त वर उचलायची सेटिंग) लाव की, मग खाली ओढणार नाही.

मिरज_जंक्शन: ओढणार नाही, पण ग्रॅव्हिटी आहेच की, पुलावर टेकूनच राहील. बॉयन्सी (तरंगायची ताकद) १ केली तर ग्रॅव्हिटी जाईल, पण मग एकदा उडी बसली की फुग्यागत वरच राहते, उतारावर तर खालीच येत नाही. गाडी चालवल्याचा फीलच जातो त्यात. कास्ट रे (किरण सोडून तो कुठं लागतो ते सांगणारी स्क्रिप्टची कमांड) वापर. टायमर लावून गाडीतून सरळ खाली रे सोडायचा, जिथं लागेल तिथला झेड (उंची) घ्यायचा, त्यात १ मिळवायचा आणि तोच हॉवर हाइटला द्यायचा, फक्त ग्लोबल हाइटचा फ्लॅग चालू पाहिजे आणि टेरेन ओन्ली, वॉटर ओन्ली हे दोन्ही काढलेले पाहिजेत. रिजेक्टमध्ये (रेनं काय सोडून द्यायचं त्यात) फिजिकल (हलत्या वस्तू) आणि एजंट (माणसं) टाकायला विसरू नको, नाहीतर रे तुझ्याच गाडीला लागतो आणि गाडी स्वतःच्याच डोक्यावर चढायला बघते, रॉकेट होतं तिचं.

पलूसकर_बिल्डर: यात एक राहिलं. रे पाण्याला लागत नाही, सरळ नदीच्या तळाला जातो. म्हणजे पूल सुटून नदीवर आलास की गाडी बुडणार. रेचा झेड आणि वॉटरची लेव्हल यात जो मोठा असेल तो घे. आणि रंगाच्या मेनूत लिंक नंबर (गाडीच्या पार्टचे क्रमांक) वापरले असशील तर आत्ताच नावावर आण, नवीन पार्ट जोडला की नंबर सरकतात आणि पिवळा रंग काचेला लागतो, माझी अख्खी रात्र गेलीय त्यात. पूल झाला की खांबावर पुराच्या खुणा पण टाक. ४५ फूट धोका पातळी आणि २०१९ ची ५७.५ फूट. त्याशिवाय तो पूल आपला वाटणार नाही बघ.

कृष्णाकाठ: झालं!! पुलावर तरंगतीय. टायमर आधी अर्ध्या सेकंदाचा होता तर चढणीला धक्के बसत होते, ०.१ केला, हॉवरची एफिशियन्सी (न उसळता उंचीवर स्थिरावणं) १ च्या जवळ नेली, उड्या थांबल्या. मिरजकर, पलूसकर, लय उपकार झाले. खुणा आज रात्रीच टाकतो, ५७.५ ची लाल रंगात. आजोबांना रविवारी दाखवणार आहे.