नाकाबंदीत पोलिसांचं शूटिंग केलं तर ‘३५३’ लागतं का?

गंगापूररोडकर (प्रश्न):
नाशिकात मुंबई नाका, द्वारका, कॉलेज रोड, कुठेही रात्रीच्या नाकाबंदीत मोबाईल वर धरला की ठरलेलं वाक्य येतं: “शूटिंग बंद कर, ३५३ लावीन.” ड्युटीवरच्या पोलिसाचा रस्त्यावर व्हिडिओ काढणं हाच गुन्हा आहे का? “पावती कुठल्या कलमाखाली?” असं आवाज चढवून विचारलं तर? आणि मोबाईल मागितला तर द्यायचा का? कलमांसकट सांगा. “पोलिसांशी पंगा नको” हा सल्ला घरून फुकट मिळतो.

कोर्टकट्टा:
शूटिंगला गुन्हा ठरवणारं कलम नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या (भादंवि) जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ड्युटीवरच्या सरकारी नोकरावर हल्ल्याचं जुनं कलम ३५३ आता १३२ झालं. तोंडातला आकडा तेवढा जुना राहिलाय. १३२ लागायला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो: धक्का देणं, काठी हिसकावणं, गाडी अंगावर घालणं. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. नुसता मोबाईल धरणं किंवा हुज्जत घालणं यात बसत नाही. बंगळुरू ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पेजवर वागणुकीबद्दल लिहिलं म्हणून लावलेलं ३५३ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलंय.

घोळ होतो तो हातामुळे आणि तोंडामुळे. मोबाईल पोलिसाच्या नाकासमोर नेला, त्याने तो बाजूला सारला, तुम्ही त्याचा हात झटकला. झालं दोन सेकंदांत, पण फिर्यादीत “गणवेशाची कॉलर धरून धक्काबुक्की केली” असं उतरतं, आणि व्हिडिओत तर त्या क्षणी फक्त डांबर दिसत असतं. म्हणून दोन हात अंतर ठेवा, मोबाईल छातीजवळ धरा. गाडीत असाल तर दुसरा हात स्टिअरिंगवर, दिसेल असा. सुरुवातीला एकदाच म्हणा: “साहेब, रेकॉर्डिंग करतोय, तुमचं काम चालू द्या.” पुढे कॉमेंट्री नको. नावाची पट्टी आणि बक्कल नंबर फ्रेममध्ये आला की अर्धं काम झालं.

“कलम सांगा” हे विचारणं अनुच्छेद १९(१)(क) मध्ये बसतं, आवाज थोडा चढला तरी. शिवी दिली की न्याय संहितेचं २९६ किंवा ३५२, “बाहेर भेट, बघतो तुला” म्हटलं की ३५१, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ११२ आहेच. ‘सरकारी कामात अडथळा’ म्हणजे २२१: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड. त्यात कोर्टाला दखल घ्यायला त्या पोलिसाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम २१५.

गप्प राहण्यालाही मर्यादा आहे. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवावंच लागतं, मोटार वाहन कायद्याचं १३०, डिजिलॉकरमधलं चालतं. पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा केल्याचा आरोप असताना नाव-पत्ता नाकारलात तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ खाली अटक होऊ शकते. “गाडी बाजूला घ्या” यासारखी कायदेशीर सूचनाही पाळा, कारण त्याच संहितेच्या १७२ खाली न ऐकणाऱ्याला तिथून हलवता येतं, ताब्यातही घेता येतं. बाजूला घ्या आणि तिथून रेकॉर्डिंग चालू ठेवा.

पुरावा_पेटी:
मोबाईलचं मी सांगतो, कारण तिथेच बहुतेकांची वाट लागते.

गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलिसांना मोबाईल जप्त करता येतो. पण जप्ती म्हणजे खिशात टाकून चालू पडणं नव्हे. पंचनामा हवा, त्यात मॉडेल आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) हवा. त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचंही व्हिडिओ चित्रीकरण व्हायला हवं. “व्हिडिओ डिलीट कर” हा आदेश कुठल्याच कलमात नाही. उलट पुराव्याचं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड मुद्दाम नष्ट करणं हा न्याय संहितेच्या २४१ खाली गुन्हा आहे, आणि तो तुम्हालाही लागू होतो. तेव्हा घाबरून स्वतः पुसू नका. हिसकावायला लागले तर ओढाताण नको, सोडून द्या; ओढाताणीतूनच १३२ तयार होतं.

आधीची तयारी: क्लाउड बॅकअप मोबाईल डेटावर चालू, लॉक पिनचा (बोटाचा ठसा बंद), तारीख-वेळ ऑटोमॅटिक. नंतर मूळ फाईल कापू नका, नाव बदलू नका. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की फाईल दाबली जाते आणि हॅश (फाईलचा डिजिटल ठसा) बदलतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोर्टात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा, एक तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. घरी पोचल्यावर लगेच एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून ठेवलात तर “एडिट केलंय” हा आक्षेप बराच लंगडा पडतो.

व्हायरल करायची घाई नको. फ्रेममध्ये अल्पवयीन आरोपी किंवा लैंगिक गुन्ह्यातली पीडित असेल तर ओळख उघड करणं हाच गुन्हा.

कॅम्पवाला:
वरचं सगळं शहरातल्या रस्त्यांना. देवळाली कॅम्पात लष्करी हद्दीलगत किंवा नाशिकरोडला नोट प्रेसच्या गेटसमोर कॅमेरा काढताना मागची भिंत बघा. तिथे शासकीय गुपिते अधिनियमाचा प्रश्न खरोखर येऊ शकतो, आणि “मी फक्त हवालदाराचं शूटिंग करत होतो” हे पटवता पटवता रात्र जाईल.

दुसरं, पोलीस आयुक्तांचा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७(३) चा मनाई (जमावबंदी) आदेश चालू आहे का ते पाहून घ्या. तो एका वेळी १५ दिवसांपर्यंतचा असतो, आणि सिंहस्थाचा बंदोबस्त वाढेल तसे असे आदेश वारंवार निघतील. आदेश असताना मित्र बोलावून पाच-सहा जण गोळा केलेत तर शूटिंग राहील बाजूला आणि जमावबंदीचा गुन्हा पडेल, त्याच अधिनियमाचं कलम १३५.

गंगापूररोडकर:
आणि पोलीस ठाण्यात नेलं तर? तिथे तर भिंतीवर ‘मोबाईल वापरू नये’ लिहिलेलं असतं.

कोर्टकट्टा:
ती पाटी म्हणजे कायदा नाही. पोलीस ठाणं हे गुपिते अधिनियमातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या प्रकरणात म्हटलंय. तरी आत मोबाईलपेक्षा त्यांचाच सीसीटीव्ही कामाचा. डिसेंबर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार ठाण्यात आवाजासह कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने, निदान एक वर्ष टिकायला हवं. प्रत्यक्षात “डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग यंत्र) बंद होता” हे उत्तर मिळू शकतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी अर्ज द्या: तारीख, वेळ, कुठला कक्ष, आणि “फुटेज जतन करावे”. एक प्रत ठाण्यात, एक आयुक्तालयाच्या आवक विभागात, दोन्हींवर शिक्क्यासह पोच. माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, १५० शब्दांच्या आत. त्याच्या उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून जतनाचा अर्ज आधी. पैसे मागितले असतील तर पावतीचा वाद घालत बसू नका, १०६४ वर लाचलुचपतला फोन करा.