तिसरी घंटा होईपर्यंत

दुपारचा_प्रयोग

परवा रविवारी चारच्या प्रयोगाला एकटीच गेले होते. नाटक बरं होतं. पण रात्री ओटा पुसताना डोक्यात घोळत होतं ते भलतंच. शेजारच्या खुर्चीत एक आजी होत्या, ओळख ना पाळख. पहिली घंटा झाली तशी त्यांनी पर्समधून दोन लिमलेटच्या गोळ्या काढल्या, एक माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "आत्ताच सोल हो, मग कागद वाजतो." तिसऱ्या घंटेपर्यंत आम्ही दोघी गालात गोळी धरून बंद पडद्याकडे बघत बसलो.

तर विचारायचं ते हे. नाटक कसं होतं, कुणी भाव खाल्ला, कोण पडलं, ते परीक्षणवाले लिहितील. नाटकाला जाण्यात तुमचं स्वतःचं जे काही सुख असेल, अगदी फुटकळ, घरच्यांना सांगितलं तर हसतील असं, ते लिहा. माझं अजून एक आहे. पडदा उघडायच्या जरा आधी आतून येणारा उदबत्तीचा वास. आत नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, आता मागे फिरता येणार नाही, असं उगाचच मला वाटतं. जसं काही मलाच काम करायचंय.

कडेची_खुर्ची, दादर

मी प्लॅनवाला माणूस. तिकीट मोबाइलवर मिळतं हे मला ठाऊक आहे, मुलगा दर वेळी सांगतो. तरी मी खिडकीवर जातो. लहानपणी वडिलांबरोबर जायचो तेव्हा खिडकीआडचा माणूस प्लॅन पुढे सरकवायचा, विकलेल्या खुर्च्यांवर पेन्सिलीच्या फुल्या. वडील चष्मा कपाळावर चढवून त्या फुल्यांचा अभ्यास करायचे, मागचे लोक खोकायला लागायचे. त्यांचं गणित पक्कं होतं. पहिल्या तीन रांगा नकोत, मान अवघडते आणि नटांची थुंकी दिसते. बाराव्याच्या मागे नको, डोळे दिसत नाहीत. पाचवी ते आठवी, आणि खुर्ची कडेची, कारण वडिलांचा गुडघा. तिकिटं खिशात पडली की शिवाजी मंदिरच्या दारात उभं राहून समोर प्लाझाला लागलेली सिनेमाची रांग बघायची आणि आपण नाटकवाले म्हणून उगाच ताठ व्हायचं.

माझे गुडघे अजून ठणठणीत आहेत. खुर्ची मात्र कडेचीच घेतो.

हिशेबनीस, पुणे

कलेबद्दल बोलायची माझी लायकी नाही, मी लोकांचे कर भरतो. बऱ्याच नाटकांचं पुढच्या रांगांचं तिकीट बरोब्बर ५०० वर का अडतं, हे दर नाटकाला बायकोला समजावून सांगणं हे माझं सुख. ५०० पर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, ५०१ केलं की लागला. ती दर वेळी "हो का?" म्हणते.

दुपारचा_प्रयोग

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

विंगेतली, नाशिक

मी स्टेजवर कधीच काम केलेलं नाही. आमची संस्था हौशी, राज्य नाट्य स्पर्धेला दर वर्षी उतरते आणि मी प्रॉपर्टी बघते. म्हणजे पत्र, चष्मा, पोळपाट, फोन, देवाचा फोटो, कुठल्या प्रवेशात कुठल्या हाताशी काय हवं त्याची यादी विंगेत चिकटवायची आणि प्रयोगभर तिच्याकडे बघत घामाघूम व्हायचं. आमच्या नायकाला नाटकातला चहा खरा आणि गरमच लागतो. गार पाण्यावर फुंकर मारायला त्याला जमत नाही म्हणे. त्यामुळे दुसऱ्या अंकाच्या सतराव्या मिनिटाला मी थर्मास उघडते.

सुख म्हणाल तर ब्लॅकआऊट. लाइटवाला मनात अकरा आकडे मोजतो. तेवढ्यात टेबल डावीकडे, दोन खुर्च्या आत, कंदील कोनाड्यात. काळे कपडे, पायात चप्पल नाही, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा. पावलं मोजून पाठ केलेली असतात. समोर तीनचारशे माणसं अंधारात श्वास घेत असतात आणि त्यातल्या एकालाही मी तिथं आहे हे माहीत नसतं.

एकदा मात्र कळलं. लाइटवाल्याने आठलाच उजेड केला. मी कंदील हातात घेऊन मधोमध. पळावं तर दार त्या बाजूला, आणि दारातून नायक आत येतोय. क्षणभर तो थबकला. मग खुर्चीत बसत, पेपर उघडत म्हणाला, "मावशी, झालं असेल तर निघा. आणि उद्या जरा लवकर या, आज भांडी तशीच होती." मी मान डोलावली, कंदील ठेवला आणि पदर नसताना पदर खोचत निघून गेले. टाळी पडली. परीक्षकांनी मोलकरणीच्या पात्राची संहितेत नीट उभारणी हवी होती असं सुचवलं!

वडसा_लाइन

तुमचं सगळं अडीच तासांत आटपते, आमचं रातभर चालते. झाडीपट्टीची आहे मी, गडचिरोलीकडची, आता नोकरीपायी पुण्यात. आमच्याकडे दिवाळी झाली का मंडई, म्हणजे गावची जत्रा. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, माहेरवाशिणी येतात, पाहुण्यांनी घर भरते आणि रात्री नाटक. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, तिथं कंपन्यांची ऑफिसं. गावची माणसं जाऊन नाटक ठरवून येतात, मग गाडीवर भोंगा लावून चार गावांत पुकारा. मंडई सरली का शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्तानं, असं पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत.

दहाचं म्हणतात, साडेअकराला पडदा उघडते. थंडी अशी का बोलताना वाफ निघते. आम्ही भावंडं दिवस मावळायच्या आधीच सतरंजी टाकून जागा धरायचो, वर वाकळ. मी दोन वाजता हमखास झोपायची. भाऊ बारालाच लुढकायचा, तीनला उठायचा. धाकटी गाण्यांपुरती जागी. आई पूर्ण पाहायची पण विचारलं तर सांगायची नाही, "पैसे देऊन झोपाले गेले होते का?" मग सकाळी चुलीजवळ बसून आम्ही तिघं नाटक जुळवायचो. तुझ्या वेळी बहीण जिवंत होती का? मग माझ्या वेळी तिचा फोटो कसा? ते जुळवणं मले अजून कोणत्याही नाटकापेक्षा जास्त आवडते.

२०२३ मध्ये झाडीपट्टीच्या नाटकांतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ऑफिसात पेढे नेले. सगळ्यांनी खाल्ले. कोण म्हणून एकानेच विचारलं, पण त्याला मग मी पाऊण तास सोडला नाही.

राजा_इलो, कुडाळ

वडसावाल्या ताई, रात्रभराच्या बाबतीत आम्हीही मागे नाही. दशावतार. गावच्या देवळाची जत्रा, पालखी फिरून आली की साडेअकरा-बाराला सुरू. आधी गणपती, संकासुर वगैरे, मग आख्यान. लिहिलेली संहिता नाही. कथा कुठली ते ठरतं आणि राजाराणी उभ्या उभ्या बोलत सुटतात, खाली पेटी आणि मृदंग त्यांच्या मागे धावतात. माझी आजी देवळाच्या खांबाला टेकून झोपायची आणि मला ताकीद, "राजा इलो काय माका उठय." राजा येईपर्यंत तिला कशातच रस नसे. उठवलं की ती आधी राजाचा मुकुट बघायची, मग "गेल्या वर्साचोच हा" म्हणून परत मिटायची.

माझं सुख नाटक संपल्यावरचं. पहाटे दहीहंडी फुटली, माणसं पांगली की खाजाच्या दुकानाशेजारी चहाची किटली असते. तिथं रात्रीची राणी उभी. नऊवारी तशीच, गळ्यात मण्यांच्या माळा, केसांचा टोप काखेत, अर्धा चेहरा खोबरेल तेलानं पुसलेला आणि अर्धा गोरापान. एका हातात चहा, दुसऱ्यात बिडी. रात्री हिच्याच विलापाला बायकांनी डोळे पुसलेले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, टक लावून बघत होतो. त्यानं बशी माझ्यापुढे धरली, "घे रे झिला." राणीच्या बशीतला चहा प्यायलेला माणूस आहे मी.

आव्वाज

पुरुषोत्तम करंडक, भरत नाट्य मंदिर. १९६३ पासून पुण्याची कॉलेजं दर पावसाळ्यात तिथं एकांकिका करतात. माझं सुख पडदा उघडायच्या आधी घसा फाटेस्तोवर "अरे आव्वाज कुणाचा" ओरडण्याचं. नोकरीला लागून नऊ वर्षं झाली. अजून जातो. मागच्या वर्षी पुढच्या रांगेतल्या मुलानं वळून "काका, तुम्ही कुठल्या बॅचचे?" विचारलं. काका!

खासबाग_शेजारी, कोल्हापूर

आमचे आजोबा शेवटपर्यंत पॅलेस थिएटरच म्हणायचे. नाटकाला केशवराव भोसले नाट्यगृहाला जातोय म्हटलं की, "म्हंजे पॅलेसला." शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं, शेजारी कुस्तीचं खासबाग मैदान. एकाच आवारात आमच्या दोन्ही भुका भागायच्या. नाटक सुटलं की चालत गंगावेशीला दूध कट्ट्यावर जायचं, समोर म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात. थोरले काका तिथं नाटकातली वाक्यं म्हणून दाखवायचे, निम्मी चुकीची, आणि मिशीला फेस लागलेला.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. फोन आला तेव्हा जेवत होतो, ताट तसंच ठेवून गेलो. बघणारे आधीच भरपूर जमले होते. मी काही नट न्हाई, गाणारा न्हाई, माझा हार्डवेअरचा धंदा. पण काका ज्या दरवाजातून बाहेर येऊन "चला रे, दूध" म्हणायचे, त्याच्यामागं जाळ दिसत होता, आणि मला कळंना की मी कुणाला फोन करू. काका जाऊन सहा वर्षं झाली होती.

सुखाचा धागा आहे, माफ करा. दूध अजून मिळतंय, या कधी.

दुपारचा_प्रयोग

माफी कसली दादा. येते, नक्की येते.

रांगेतली_तेरावी

नाट्यगृहाचं नाव घेत नाही. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, बायकांच्या बाजूला संडास तीन, त्यातल्या एकाला कडी नाही. त्यामुळे आमची रांग बुकिंगच्या रांगेपेक्षा मोठी. पण खरं परीक्षण ऐकायचं तर तिथं. "ती सासू झालेली बाई चांगली करते, पण साडी इस्त्रीची नव्हती." "दुसऱ्या अंकात तो परत येणार बघा." "सांगू नका हो!" एकदा घंटा झाली तरी आम्ही सात जणी बाकी. एका काकूंनी डोअरकीपरला ठणकावलं, "आत सांगा, अर्धं घर इथं उभं आहे." पडदा पाच मिनिटं थांबला. आम्ही आत शिरलो तेव्हा पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. कडी अजून बसलेली नाही.

सोफ्याची_मालकीण, न्यू जर्सी

इथे भारतातून नाटक येतं तेव्हा नट येतात, कपडे येतात, गुंडाळलेले पडदे बॅगांतून येतात. फर्निचर येत नाही. ते मंडळाच्या लोकांनी जमवायचं. तीन वर्षांपूर्वी आमचा सोफा गेला. शाळेच्या ऑडिटोरियममध्ये पडदा उघडला आणि समोर आमचा सोफा, डाव्या हातावर मुलाने पेनाने काढलेल्या रेघेसकट. नायिका त्याच्यावर बसून रडली. नवरा माझ्या कानाशी लागला, "स्प्रिंगच्या बाजूला बसलीय, आता उठताना अडकणार." अडकली. तिला ते अभिनयात घालता आलं, आम्ही मात्र पुढची दहा मिनिटं हसू दाबत होतो आणि आसपासची माणसं डोळे पुसत होती.

नवा सोफा घ्यायचं तेव्हापासून दर दिवाळीला ठरतं. घेत नाही.

तलावपाळी, ठाणे

मला नाटक आवडत नाही. एकदाचं बोललो. अंधारात गप्प बसून दुसऱ्यांची भांडणं ऐकायची, ती घरी फुकट आहेत. पण बायकोला आवडतं, म्हणून गडकरी रंगायतनला सोडायला जातो आणि परत घरी जाऊन काय करायचं, म्हणून तलावाच्या कट्ट्यावर बसतो. अडीच तास. कुणी काही विचारत नाही, फोन सायलेंटवर, कारण सगळ्यांना वाटतं मी नाटकात आहे. एक मसाला शेंगदाण्याची पुडी, एक फेरी, बोटींचे दिवे. मध्यंतरात ही बाहेर येते, कागदात गुंडाळलेला बटाटेवडा माझ्या हातात देते, तोवर झालेली गोष्ट घाईघाईत सांगते आणि घंटा झाली की पळते. शेवट मी कधीच विचारत नाही. बावीस वर्षांत मला असंख्य नाटकांचे पहिले अंक पाठ झाले आहेत.

तलावपाळीची_बायको

अर्धा वडा. अख्खा कधी दिला?