एंटरप्राइज डिंगीचा सेंटरबोर्ड घरी काढून दुरुस्त करायचा आहे

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी. मावसभाऊ आणि मी मिळून एक जुनी एंटरप्राइज (शिडाची छोटी बोट) घेतली आहे. बोट नवी मुंबईच्या दिवाळे गावात ओळखीच्या कोळीदादांच्या शेडमध्ये असते. सेंटरबोर्ड (बोटीच्या तळातल्या फटीतून पाण्यात सोडायची फळी) प्लायचा आहे. खालच्या टोकाला व्हार्निश उडून प्लायचे थर सुटलेत, बोर्ड ज्यावर फिरतो त्या पिव्होट बोल्टभोवती लाकूड काळं पडलंय, आणि बोर्ड वर घेताना अर्ध्यातच अडकतो. सुतार म्हणतो, फेविकॉल भरून वरून सनमायका मारून देतो. मला ते पटत नाही. बोर्ड ऐरोलीच्या फ्लॅटवर आणून गॅलरीत काम करायचा विचार आहे. बोर्ड ज्या पेटीत बसतो ती न फोडता तो काढायचा कसा? पावसाळ्यात हे काम होईल का? रेझिन कोणतं घ्यावं?

चेंदणीचा वल्हेकरी:
सनमायका अजिबात नको. पाणी आत तसंच राहील आणि वरून दिसणारही नाही. जॅक होल्टने १९५६ मध्ये ही बोट आखली तीच मुळी हौशी माणसाला घरी प्लायमधून बांधता यावी म्हणून. तेव्हा बोर्डाचं काम घरी नक्की होतं.

आधी डोलकाठी उतरवा. जुनी गादी किंवा टायर टाकून बोट कुशीवर घ्या. बोल्टचे नट सुटत नसतील तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. बोल्ट निघाला की आतून बोर्डाच्या डोक्यावर लाकडी ठोकळा धरून हलके ठोके द्या, बोर्ड खालच्या फटीतून बाहेर येईल. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, पेटीच्या भिंतीला चीर गेली तर ते काम बोर्डापेक्षा मोठं. तुमचा बोर्ड बहुतेक पाणी पिऊन फुगलाय, म्हणूनच अडकतोय.

आता मुख्य गोष्ट. घाई करायची नाही ती इथे. सगळं व्हार्निश खरवडून लाकूड उघडं करा आणि पंख्याखाली सावलीत, तीन सारख्या पट्ट्यांवर आडवं ठेवा, मधूनमधून उलटवा. भिंतीला टेकवून उन्हात ठेवलात तर बाक येईल. रद्दीवाला वापरतो तसा हुकाचा काटा आणा आणि दर रविवारी वजन लिहून ठेवा. लागोपाठ दोन-तीन रविवार वजन तेच आलं की लाकूड सुकलं. पण ऑगस्टमध्ये हवाच ओली असते, काटा थांबला तरी आत ओल राहतेच. सोलणं, सुकवणं आत्ता सुरू करा, पण रेझिनला ऑक्टोबरचं ऊन पडल्यावरच हात लावा.

रेझिन इपॉक्सीच. पॉलिस्टर स्वस्त पडतं, पण लाकडाला तितकं धरत नाही, काही हंगामांनी पापुद्रा सुटतो.

ऐरोलीकर:
काका, मनापासून आभार. बोर्ड निघाला, गॅलरीत पट्ट्यांवर ठेवलाय. बोल्टचं भोक लांबट झालंय, बोल्ट आत खडखडतो. नुसतं रेझिन भरून चालेल?

चेंदणीचा वल्हेकरी:
नुसतं भरलंत तर कडेचं कुजलेलं लाकूड तसंच राहील. आधी प्लायच्या तुकड्याचं माप करा: बोर्डाच्या दोन कडांना टेकेल असा तुकडा, त्यात मूळ भोकाचा मध्य. हे माप नसेल तर नवं भोक सरकेल आणि बोर्ड पेटीत बसणार नाही. मग १० मिमीचा बोल्ट असेल तर भोक २० मिमीच्या आसपास मोठं करा, निरोगी लाकूड लागेपर्यंत. कडांना पातळ इपॉक्सी पाजा. एका बाजूला पॅकिंग टेप लावून सिलिका आणि बारीक फायबर घातलेलं घट्ट इपॉक्सी भरा. पक्कं झालं की माप लावून १० मिमीचं भोक पाडा. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही, पाणी शिरायची वाटच बंद. बोल्ट ३१६ स्टेनलेस स्टीलचा घ्या, मुंबईत नागदेवीच्या बाजारात मिळेल.

सुटलेल्या थरांत पातळ इपॉक्सी सिरिंजने सोडा, दोन्हीकडून प्लास्टिक लावून शिकंज्यात दाबा. रेझिनमध्ये मिसळायचा हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, काट्यावर मोजून. जास्त घातला तर लवकर सुकत नाही, कायमचं मऊ राहतं.

घणसोली वर्कशॉप:
एक भर घालतो. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर. तसाच घासलात तर वरचा रंग धरणार नाही. गॅलरीत घासताना वॉटर पेपर ओला करून वापरा, धूळ शेजाऱ्यांकडे जाणार नाही. तरी मास्क आणि हातमोजे हवेतच, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा झाली की सुटत नाही. शेवटी दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्या, इपॉक्सीला ऊन सोसत नाही. पुढची कड गोलसर, मागची निमुळती ठेवा. रेसला उतरणार असाल तर आकार बदलण्याआधी क्लासचे, म्हणजे एंटरप्राइज बोटींच्या शर्यतीचे, नियम पाहा.

बसवताना रबर वॉशर किंचित दबेल इतकाच नट आवळा. मग बोट स्टँडवर सरळ उभी करून पिव्होटच्या वरपर्यंत येईल इतकं पाणी बोटीत, पेटीच्या बाहेर, ओता. खालच्या फटीतून थेंब आला तर वॉशर बदला, नट आणखी पिळू नका.