चॅप्लिनला ढकलणारा तो माणूस
चार्ली चॅप्लिनला पडद्यावर आणलं ते कीस्टोन या फिल्म कंपनीच्या मॅक सेनेटनं, असं म्हणतात ते बरोबरच. पण तिथल्या चॅप्लिनच्या पहिल्या फिल्मचा दिग्दर्शक होता हेन्री लेहरमन, त्याचं नाव कुणी घेत नाही. गडी मुळात थापाड्या. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथकडे काम मिळवायला ‘मी फ्रान्सच्या पाथे फिल्म कंपनीतला’ अशी लोणकढी ठोकली म्हणे, म्हणून टोपणनावच पडलं ‘पाथे’!

‘किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस’ (१९१४) जरूर बघा. कॅलिफोर्नियात पोरांच्या गाड्यांची खरीखुरी शर्यत, खरीच गर्दी, आणि ढगळ विजारीतला चॅप्लिन सारखा कॅमेऱ्यापुढे लुडबुडतोय. त्याला मानगुटीला धरून बाजूला ढकलणारा वैतागलेला दिग्दर्शक म्हणजे स्वतः लेहरमन. त्या ढकलण्यात अभिनय किती नि खरा राग किती, मला अजून कळलेलं नाही. दोघांचं मुळीच पटत नसे. आपले विनोद लेहरमननं संकलनात मुद्दाम कापले, असं चॅप्लिननं आत्मचरित्रात लिहिलंय.

त्याच वर्षी लेहरमननं एल-को ही स्वतःची फिल्म कंपनी काढली, युनिव्हर्सल स्टुडिओच्या आधारानं. तिथं नटांना इतक्या जिवावरच्या उड्या मारायला लावायचा की लोक त्याला ‘मिस्टर सुइसाइड’ म्हणू लागले. १९४६ साली गेला, तोवर त्याला सगळे विसरलेही होते.